एमएमएमध्ये यश कशावर अवलंबून असते: नवोदित खेळाडूंसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

मिश्र मार्शल आर्ट्स, म्हणजेच एमएमए, शिकायला येणाऱ्याच्या मनात बहुधा एकच प्रश्न घोळत असतो: बॉक्सिंग, मुए थाय (थायलंडचा ठोसे-लाथांचा खेळ), कुस्ती आणि जुजुत्सू (जमिनीवरच्या पकडींचा खेळ) यांपैकी नेमके काय शिकले की जिंकता येते? या खेळाच्या सुरुवातीच्या काळात या प्रश्नाला खरोखरच एक सरळ उत्तर होते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेतील डेन्व्हर येथे झालेल्या पहिल्या यूएफसी (एमएमएच्या लढती भरवणारी अमेरिकी संस्था) स्पर्धेत रॉयस ग्रेसी या सडपातळ खेळाडूने एकाच रात्री तीन प्रतिस्पर्ध्यांना हरवले, कारण जमिनीवर गेल्यावर काय करायचे हे त्याला ठाऊक होते आणि इतरांना नव्हते. पुढे कुस्तीगीरांनी गळा आवळण्याच्या डावांतून सुटायला शिकून घेतले आणि वर बसून ठोसे मारायला सुरुवात केली. मग ठोसे-लाथांच्या खेळाडूंनी पट (पाय पकडून खाली पाडण्याचा डाव) अडवायला शिकून लढत उभ्याने खेळायला सुरुवात केली. आज व्यावसायिक पातळीवर प्रत्येकाला सगळे थोडेफार येते, त्यामुळे एखादी शैली केवळ माहीत असल्याचा फायदा जवळपास संपला आहे.

तरीही काही खेळाडू वर्षानुवर्षे जिंकतात. त्यांच्यात समान आढळणारी गोष्ट म्हणजे लढत कोणत्या अंतरावर आणि कोणत्या स्थितीत होणार हे ठरवण्याची क्षमता. ताकद, दम, उंची, वजन, नियमांचे ज्ञान, मनाची स्थिरता हे सगळे घटक या क्षमतेला बळ देतात किंवा ती कमकुवत करतात. पुढील मार्गदर्शन या समजुतीवर आधारलेले आहे आणि ते वयाने प्रौढ असलेल्या, आधी कोणताही लढाऊ खेळ न खेळलेल्या किंवा एखादाच खेळ खेळलेल्या वाचकासाठी आहे.

पहिली पायरी: वैद्यकीय तपासणी

जिममध्ये नाव नोंदवण्यापूर्वी डॉक्टरांकडून हृदय, रक्तदाब, डोळे आणि सांधे यांची तपासणी करून घ्यावी. पूर्वी कधी डोक्याला मार लागून शुद्ध हरपली असेल, फिट आली असेल, दृष्टिपटलाचा त्रास असेल किंवा मानेची दुखापत झाली असेल, तर ते डॉक्टरांपासून आणि प्रशिक्षकापासून लपवू नये. लढतीचा विचार फार पुढचा असला तरी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी: व्यावसायिक लढतींना परवानगी देणाऱ्या बहुतेक संस्था एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी यांच्या रक्तचाचण्या अनिवार्य करतात.

दुसरी पायरी: जिम आणि प्रशिक्षक यांची निवड

नवोदिताच्या हातात असलेल्या सर्व निर्णयांपैकी हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे भरण्यापूर्वी किमान एक पूर्ण वर्ग आणि एक स्पॅरिंगचे (जोडीदाराशी सरावाच्या लढतीचे) सत्र बाजूला बसून पाहावे. भिंतीवरची पदके किंवा प्रसिद्ध खेळाडूंची छायाचित्रे पाहण्यापेक्षा जुने खेळाडू नव्यांशी कसे वागतात याकडे लक्ष द्यावे. एखादा अनुभवी खेळाडू आपल्यापेक्षा कमी जाणत्या जोडीदाराला पूर्ण ताकदीने मारत असेल आणि प्रशिक्षक ते पाहूनही थांबवत नसेल, तर ती जिम कितीही नावाजलेली असली तरी सोडून द्यावी. ज्या ठिकाणी जोडीदाराने टॅप करताच, म्हणजे हार मानल्याची खूण म्हणून हाताने थोपटताच, डाव सोडला जातो, मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते, त्वचेवर चट्टे असलेल्याला मॅटवर उतरू दिले जात नाही आणि तुमच्या वजनाच्या आसपासचे तीन-चार जोडीदार असतात, तेथे प्रगती बहुधा वेगाने होते. त्वचेच्या संसर्गाचा मुद्दा किरकोळ वाटतो, परंतु नायटा आणि स्टॅफिलोकोकस जिवाणूंचा संसर्ग यांमुळे सरावाचे कित्येक आठवडे वाया जातात. सरावानंतर लगेच आंघोळ करणे, कपडे रोज धुणे आणि नखे कापलेली ठेवणे एवढ्या साध्या सवयींनी त्यातला मोठा धोका टळतो.

साहित्याबाबत फार विचार करण्याची गरज नाही. दंतवैद्याकडून दातांच्या मापाने बनवून घेतलेला माउथगार्ड, जांघेचे संरक्षण करणारा कप, हाताला गुंडाळण्याच्या पट्ट्या, नडगीचे गार्ड आणि स्पॅरिंगसाठी १६ औंसांचे बॉक्सिंग ग्लोव्हज एवढे सुरुवातीला पुरते. प्रत्यक्ष लढतीत वापरले जाणारे ग्लोव्हज साधारण ४ औंसांचे असतात. त्यांचे अस्तर पातळ असल्यामुळे ते जोडीदारावर जोराने वापरण्याची वस्तू नव्हेत.

तिसरी पायरी: एक पाया निवडून तो पक्का करणे

सगळे एकदम शिकण्याचा मोह येथे आवरावा लागतो. आठवड्यातून एकदा बॉक्सिंग, एकदा कुस्ती, एकदा जुजुत्सू आणि एकदा मुए थाय असा समान वाटा ठेवणारा खेळाडू वर्षभरानंतर चारही विषयांत प्राथमिक पातळीवरच राहतो. पहिले सहा ते आठ महिने एका विषयाला सरावाचा अर्ध्याहून अधिक वेळ द्यावा आणि उरलेला वेळ इतर विषयांतील बचावाला द्यावा, ही पद्धत मला अधिक परिणामकारक वाटते.

कोणता विषय निवडावा, याबाबत माझा कल कुस्तीकडे आहे. समोरच्याला खाली आणता येणे आणि स्वतः खाली न जाणे या दोन गोष्टी ज्याला येतात, त्याच्या मनाप्रमाणे लढत उभी राहते किंवा जमिनीवर जाते. खबीब नुरमागोमेडोव्ह याने २९ लढती खेळून एकही न हरता २०२० मध्ये निवृत्ती घेतली. त्याच्या यशाचे मूळ सांबो (कुस्तीसारखा रशियन खेळ) आणि कुस्तीतल्या ताब्यात होते: लढत जिथे होते त्या पिंजऱ्याच्या जाळीपर्यंत तो प्रतिस्पर्ध्याला मागे रेटायचा, तेथे त्याचे पाय अडकवायचा आणि उठण्याचा प्रत्येक प्रयत्न मोडून काढायचा. मात्र लहानपणापासून कुस्ती खेळलेला असणे ही अट नाही. कॅनडाचा जॉर्ज सेंट-पिएर हा क्योकुशिन कराटेतून आला, स्पर्धात्मक कुस्तीची पार्श्वभूमी नसताना त्याने ती प्रौढपणी शिकली आणि पुढे कसलेल्या कुस्तीगीरांनाही तो खाली आणू लागला. ठोसे मारण्याच्या हालचालीतून पटात घुसण्याची वेळ त्याने अचूक साधली होती.

ज्यांना आधीपासून बॉक्सिंग, ज्युडो किंवा तायक्वांदो येते, त्यांनी तोच पाया ठेवावा. त्यांनी फक्त दोन गोष्टी तातडीने जोडाव्यात: दुहेरी आणि एकेरी पट अडवण्यासाठी पाय मागे फेकून कंबरेचा भार खाली सोडणे, ज्याला स्प्रॉल म्हणतात, आणि खाली पडल्यावर सुरक्षितपणे उठणे. बॉक्सिंगमधून आलेल्यांचे बहुतेकदा पुढच्या पायावर वजन जास्त असते आणि त्यामुळे पोटरीवर बसणारी लाथ त्यांना लवकर निकामी करते. उभे राहण्याची पद्धत त्या दृष्टीने सुरुवातीपासूनच थोडी बदलावी लागते.

चौथी पायरी: एका खेळातून दुसऱ्यात जाण्याचा सराव

एमएमए हा वेगवेगळ्या खेळांच्या बेरजेपेक्षा निराळा आहे, आणि ते निराळेपण एका खेळातून दुसऱ्यात जाण्याच्या क्षणांत असते. मुख्यतः चार अंतरे लक्षात ठेवावीत: लाथ पोहोचते ते अंतर, ठोसा पोहोचतो ते अंतर, अंगाला अंग भिडलेली क्लिंचची स्थिती आणि जमीन. प्रत्येक खेळाडूला यांपैकी एक-दोन ठिकाणी घरच्यासारखे वाटते आणि एक-दोन ठिकाणी गुदमरल्यासारखे होते. जिंकणारा खेळाडू स्वतःच्या आवडीच्या अंतरावर जास्तीत जास्त वेळ काढतो आणि नावडत्या अंतरावर सापडला तर तेथून बाहेर पडण्याचा मार्ग त्याने आधीच घोटून ठेवलेला असतो.

नोव्हेंबर २०१५ मध्ये मेलबर्न येथे झालेली रोंडा राउझी आणि हॉली होल्म यांची लढत या दृष्टीने पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. राउझी ही ज्युडोमधील ऑलिंपिक कांस्यपदक विजेती होती, तोवर एकही लढत हरलेली नव्हती आणि क्लिंचमधून फेकून आर्मबार (कोपर उलटा ताणण्याचा डाव) लावणे हे तिचे हुकमी अस्त्र होते. होल्म ही बॉक्सिंगमधील माजी विश्वविजेती. तिने सरळ मागे न जाता बाजूला सरकत अंतर राखले, पकड बसताच ती सोडवून घेतली आणि चाल करून येणाऱ्या राउझीला डाव्या हाताने अडवत ठेवले. दुसऱ्या राउंडमध्ये डोक्यावर बसलेल्या लाथेने लढत संपली. लाथ सर्वांच्या लक्षात राहिली, परंतु ती बसण्याआधीची पायांची हालचाल आणि क्लिंचमधून केलेली सुटका शिकणाऱ्याने बारकाईने पाहावी.

हा सराव प्रत्यक्षात कसा करावा? सुरुवातीला तीन जोड्या पुरेशा आहेत. पहिली जोडी म्हणजे ठोशातून पट: डावा सरळ ठोसा दाखवून समोरच्याचे हात वर गेले की पातळी खाली करून आत शिरणे. येथे डोके खाली घालून, कंबरेतून वाकून घुसण्याची चूक जवळजवळ प्रत्येकजण करतो आणि गळा सापडू देतो. गुडघ्यांतून खाली जावे, पाठ सरळ आणि नजर वर ठेवावी. दुसरी जोडी म्हणजे पट अडवल्यानंतरचा हल्ला: स्प्रॉल करून नुसते थांबू नये, समोरचा उठत असताना त्याला ठोसा किंवा गुडघा मारण्याची सवय लावावी. तो ज्या क्षणी पूर्ण उभा झालेला असतो पण त्याचे हात अजून वर आलेले नसतात, तो क्षण पकडायचा असतो. तिसरी जोडी म्हणजे जमिनीवरून उठणे: कुशीवर वळून एक हात मागे टेकवणे, दुसऱ्या हाताने अंतर राखणे, खालचा पाय मागे ओढून घेणे, आणि जाळी जवळ असेल तर तिला पाठ लावून, समोरच्याच्या काखेखालून हात घालत वर येणे.

या तिन्ही गोष्टी आधी विरोधाशिवाय, मग निम्म्या विरोधाने आणि शेवटी पूर्ण विरोधाने कराव्यात. त्याहून उपयोगी म्हणजे ठरावीक स्थितीतून सुरू होणारे दोन-तीन मिनिटांचे राउंड. तुम्ही खाली आणि जोडीदार तुमच्या छातीवर, म्हणजे माउंटमध्ये. तुमचे काम फक्त सुटणे, त्याचे काम फक्त ताबा ठेवणे. सुटलात की पुन्हा त्याच स्थितीपासून सुरुवात. अशा एका राउंडमध्ये वाईट स्थितीतून सुटण्याचे जितके प्रयत्न होतात, तितके मोकळ्या स्पॅरिंगच्या पूर्ण आठवड्यातही होत नाहीत. नवोदितांचा बराच वेळ उडत्या लाथा आणि दुर्मिळ सबमिशन (हार मानायला लावणारे पकडीचे डाव) शिकण्यात जातो. त्याऐवजी माउंट, बाजूचा ताबा आणि पाठीचा ताबा या तीन स्थितींतून सुटणे, मागून गळा आवळण्याचा रिअर नेकेड चोक लावणे आणि तो अडवणे एवढे जरी हुकमी झाले, तरी हौशी पातळीवर बहुतेकांसमोर टिकता येते.

टॅप करण्याबाबत एक सूचना येथेच द्यायला हवी. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते, आणि टाच किंवा गुडघा पिळणाऱ्या डावांत वेदना जाणवेपर्यंत अस्थिबंधाला इजा झालेली असू शकते. सरावात टॅप करण्यात कसलीही मानहानी नाही. ज्याच्या ध्यानात हे लवकर येते तो वर्षभर मॅटवर राहतो.

पाचवी पायरी: दम आणि ताकद

व्यावसायिक लढत साधारणतः पाच मिनिटांच्या तीन राउंडची असते आणि विजेतेपदाची पाच राउंडची. मध्ये एक मिनिटाची विश्रांती. ठोशांची सरबत्ती किंवा पटात घुसणे हे काही सेकंदांचे स्फोटक काम असते, परंतु अशा दोन स्फोटांच्या मध्ये शरीर किती लवकर सावरते हे ऑक्सिजनवर चालणाऱ्या ऊर्जाव्यवस्थेवर अवलंबून असते. म्हणूनच रोज उलटी होईस्तोवर केलेल्या तीव्र व्यायामाने दम वाढतो ही समजूत चुकीची आहे. आठवड्यातून दोनदा ३० ते ४५ मिनिटे, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या वेगाने धावणे, सायकल चालवणे किंवा पोहणे हा पाया असावा. मध्ये थांबत करायचे तीव्र व्यायाम (इंटरव्हल) लढतीच्या सहा-आठ आठवडे आधी हळूहळू वाढवावेत.

दमाचा काही भाग तंत्रातच दडलेला असतो. नवखा खेळाडू श्वास रोखून ठोसे मारतो, खांदे ताणून उभा राहतो आणि क्लिंचमध्ये सतत पूर्ण ताकदीने पकडून ठेवतो, त्यामुळे तो दोन मिनिटांत थकतो. त्याला धावण्याचा सराव वाढवून फारसा फरक पडत नाही. प्रत्येक फटक्याबरोबर श्वास सोडणे आणि पकडीत हातांऐवजी शरीराचे वजन वापरणे हे त्याचे खरे औषध आहे. अनुभवी खेळाडूचीही यातून सुटका नसते. मार्च २०१६ मध्ये कॉनर मॅकग्रेगर आपल्या नेहमीच्या गटापेक्षा बराच वरच्या वजनात नेट डियाझशी लढला. पहिल्या राउंडमध्ये तो वरचढ दिसत होता, दुसऱ्यात त्याचे मोठे ठोसे मंदावले, डियाझचे सरळ ठोसे बसू लागले आणि अखेर रिअर नेकेड चोकमध्ये त्याला टॅप करावे लागले.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन सत्रे पुरतात: स्क्वॉट, डेडलिफ्ट, ओढण्याचे व्यायाम, पोटाचे आणि मानेचे व्यायाम. सुरुवातीच्या वर्षात तंत्राची तीन ते चार सत्रे, ताकदीची दोन, सावकाश दमाची एक-दोन आणि एक पूर्ण विश्रांतीचा दिवस एवढा भार नोकरी किंवा शिक्षण सांभाळणाऱ्याला पेलतो. प्रथिने शरीराच्या दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम घ्यावीत आणि झोप आठ तासांच्या खाली जाऊ देऊ नये.

सहावी पायरी: स्पॅरिंग, आणि मेंदूची काळजी

या पायरीवर जितक्या कारकिर्दी संपतात तितक्या पिंजऱ्यातही संपत नसाव्यात. मेंदूला बसणारा प्रत्येक धक्का, तो सरावात बसला काय आणि लढतीत बसला काय, सारखाच असतो, आणि शुद्ध न हरपताही बसलेले वारंवार धक्के कालांतराने साचत जातात. हेडगार्डमुळे जखमा आणि सूज कमी होते, परंतु त्यामुळे कवटीच्या आत मेंदूचे हलणे थांबत नाही. हौशी बॉक्सिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१३ मध्ये वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढून टाकले होते. म्हणून हेडगार्ड घातले आहे या भरवशावर जोर वाढवू नये.

पहिले तीन-चार महिने मोकळे स्पॅरिंग करूच नये. त्यानंतर डोक्यावर केवळ स्पर्श होईल इतक्या हलक्या हाताने, एका वेळी एकाच कौशल्यावर मर्यादा घालून सुरुवात करावी: एक राउंड फक्त सरळ ठोसे, एक राउंड फक्त शरीरावर फटके, एक राउंड फक्त क्लिंच. जोडीदाराशी जोर किती असावा हे आधी बोलून घ्यावे आणि तो वाढल्यास राउंड थांबवून तसे सांगावे. अंतर, वेळ आणि अंदाज हे सर्व हलक्या स्पॅरिंगमध्ये शिकता येते, कारण भीती कमी असते आणि नवे काही करून पाहण्याची हिंमत होते. जोरदार स्पॅरिंग केवळ लढत ठरल्यावर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आणि मोजक्या वेळा करावे.

डोके दुखणे, मळमळ, धूसर दिसणे, तोल जाणे, प्रकाश सहन न होणे, काही क्षण आठवत नसणे किंवा विनाकारण चिडचिड होणे यांपैकी काहीही जाणवले तर त्या दिवशीचा सराव तिथेच संपवावा आणि डॉक्टरांना दाखवावे. लक्षणे पूर्ण जाईपर्यंत आणि डॉक्टर परवानगी देईपर्यंत डोक्याला फटका बसेल असा कोणताही सराव करू नये. परततानाही आधी हलका व्यायाम, मग तंत्राचा सराव आणि शेवटी स्पॅरिंग असा क्रम ठेवावा. प्रशिक्षक ही लक्षणे हसण्यावारी नेत असेल तर दुसरी पायरी पुन्हा वाचावी आणि जिम बदलावी.

सातवी पायरी: शरीराची ठेवण आणि वजनाचा गट

लांब हातांचा फायदा खरा आहे. जॉन जोन्स हा मार्च २०११ मध्ये वयाच्या तेविसाव्या वर्षी यूएफसीचा सर्वांत तरुण विजेता ठरला, आणि त्याच्या दोन्ही हातांचा पसारा सुमारे २१५ सेंटिमीटर आहे. समोरचा ठोशाच्या अंतरावर पोहोचण्याआधीच तो लाथा आणि सरळ ठोसे मारू शकतो. तरी जुलै २०१८ मध्ये सुमारे १८० सेंटिमीटर उंचीच्या डॅनियल कॉर्मियरने त्याच्याहून बऱ्याच उंच असलेल्या स्टीपे मिओचिचला पहिल्याच राउंडमध्ये हरवून हेवीवेट विजेतेपद मिळवले, आणि तो निर्णायक ठोसा क्लिंचमधून सुटता सुटता बसला. उंच खेळाडूने अंतर राखायला शिकावे, बुटक्याने ते सुरक्षितपणे मिटवायला शिकावे. वयाबाबतही असेच लवचिक राहावे: रँडी कुट्युअर वयाच्या ३३ व्या वर्षी एमएमएमध्ये आला आणि ४३ व्या वर्षी पुन्हा हेवीवेट विजेता झाला, मात्र त्याच्यामागे ग्रीको-रोमन कुस्तीची दीर्घ तयारी होती.

वजन घटवण्याबाबत मला नवोदितांना कळकळीने सांगायचे आहे. प्रचलित वजनगटांत फ्लायवेटची मर्यादा ५६.७ किलो, बँटमवेटची ६१.२, फेदरवेटची ६५.८, लाइटवेटची ७०.३, वेल्टरवेटची ७७.१, मिडलवेटची ८३.९, लाइट हेवीवेटची ९३ आणि हेवीवेटची १२०.२ किलो आहे, महिलांसाठी ५२.२ किलोचा स्ट्रॉवेट गटही आहे. वजन करण्याची वेळ लढतीच्या आदल्या दिवशी असल्यामुळे अनेक व्यावसायिक शरीरातले पाणी घटवून खालच्या गटात उतरतात आणि नंतर ते भरून काढतात. हा मार्ग धोकादायक आहे. कॉर्मियर २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या फ्रीस्टाइल कुस्ती संघात असूनही वजन घटवताना मूत्रपिंडे निकामी झाल्याने खेळू शकला नाही. डिसेंबर २०१५ मध्ये चीनचा यांग जियान बिंग वन चॅम्पियनशिपच्या लढतीआधी वजन घटवताना मरण पावला. त्यानंतर त्या संस्थेने शरीरातील पाण्याची चाचणी सुरू केली.

पहिल्या काही लढती आपल्या रोजच्या वजनाच्या जवळच्या गटातच खेळाव्यात. अंगावर अनावश्यक चरबी असेल तर ती आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का या गतीने, काही महिने आधीपासून कमी करावी. सॉना, प्लास्टिकचे सूट आणि पाणी तोडणे यांच्या वाटेला जाऊ नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तर उत्तेजकविरोधी नियमांखाली प्रतिबंधित आहेत. कोरड्या पडलेल्या शरीराचा दम आणि प्रतिसाद दोन्ही घटतात, म्हणजे खालच्या गटात जाऊन कमावलेला फायदा तिथेच गमावला जातो.

आठवी पायरी: नियम आणि गुण

२००० च्या सुमारास न्यू जर्सीत आकाराला आलेले एकत्रित नियम आज बहुतेक ठिकाणी पायाभूत मानले जातात. परीक्षक प्रत्येक राउंड स्वतंत्रपणे तपासतात: वरचढ खेळाडूला १०, दुसऱ्याला बहुधा ९, फारच एकतर्फी राउंड असल्यास ८. सर्वांत आधी परिणामकारक फटके आणि परिणामकारक पकडीचे डाव पाहिले जातात. तेथे दोघे अगदी समान वाटले तरच आक्रमकता आणि त्यानंतर पिंजऱ्यावरील ताबा विचारात घेतला जातो. याचा व्यवहारातला अर्थ असा की खाली आणून नुसते धरून ठेवल्याने राउंड जिंकण्याची खात्री नसते. वरून फटके मारणे किंवा सबमिशनचा खरा प्रयत्न करणे आवश्यक असते.

नियमांच्या अज्ञानाची किंमत मोठी असू शकते. जोन्सच्या नावावर असलेला एकमेव पराभव डिसेंबर २००९ मधला आहे: मॅट हॅमिलविरुद्ध तो पूर्ण वरचढ असताना सरळ वरून खाली मारलेल्या कोपरांमुळे त्याला अपात्र ठरवले गेले. कोपराच्या त्या फटक्यावरची बंदी नोव्हेंबर २०२४ पासून एकत्रित नियमांतून काढून टाकण्यात आली. जुने नियम डोक्यात ठेवून पिंजऱ्यात उतरणे म्हणूनच धोक्याचे आहे. हौशी स्पर्धांचे नियम आणखी वेगळे असतात. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय हौशी महासंघाच्या, म्हणजे आयएमएमएएफच्या, स्पर्धांत तीन मिनिटांचे तीन राउंड असतात, नडगीचे गार्ड घालावे लागते आणि कोपर मारण्यास मनाई असते. लढतीपूर्वी पंच नियमांची बैठक घेतात, तेथे शंका मोकळेपणाने विचाराव्यात.

नववी पायरी: मन आणि कोपऱ्यातील माणूस

भीती वाटणे स्वाभाविक आहे आणि ती अनुभवी खेळाडूंनाही वाटते. प्रश्न तिच्यासह ठरलेले काम करता येते का, एवढाच असतो. त्यासाठी सरावात लढतीसारखी परिस्थिती उभी करावी: थकलेल्या अवस्थेत, गुणांनी मागे आहोत असे धरून, शेवटची दोन मिनिटे खेळणे. ऑगस्ट २०१० मध्ये अँडरसन सिल्वा हा चेल सोनेनकडून चार राउंड आणि पाचव्याचाही बराचसा भाग मार खात होता, तरी त्याने पाठीवर पडलेल्या स्थितीतून मानेभोवती पायांचा त्रिकोण लावून सोनेनला टॅप करायला लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये लिऑन एडवर्ड्स गुणांवर मागे असताना शेवटच्या राउंडचे एक मिनिटही उरले नसता त्याच्या लाथेने कमारू उस्मान कोसळला. दोन्ही डाव त्या खेळाडूंच्या अंगात इतके मुरलेले होते की थकव्यातही ते सुचले.

कोपऱ्यात बसणाऱ्या प्रशिक्षकाशी आधीच ठरवून ठेवावे की एका मिनिटाच्या विश्रांतीत तो दोनपेक्षा अधिक सूचना देणार नाही. आधी श्वास, मग पाणी, मग सूचना. गरज पडल्यास लढत थांबवण्याचा अधिकारही त्याला मनापासून दिलेला असावा, आणि ही गोष्ट घरच्यांनाही माहीत असावी.

दहावी पायरी: पहिली लढत

ज्याचा आधी कोणताही पाया नव्हता त्याने नियमित सरावाची दीड-दोन वर्षे होण्यापूर्वी पिंजऱ्यात उतरण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे. त्याआधी जुजुत्सू, कुस्ती किंवा किकबॉक्सिंगच्या स्थानिक स्पर्धा खेळून गर्दी, पंच आणि अनोळखी प्रतिस्पर्धी यांची सवय करून घ्यावी. प्रतिस्पर्ध्याच्या लढतींची संख्या आणि पार्श्वभूमी प्रशिक्षकाने तपासावी. आयत्या वेळी आलेला, दुप्पट अनुभवाचा प्रतिस्पर्धी नाकारणे हा शहाणपणाचा निर्णय असतो. शेवटच्या आठवड्यात नवे काही शिकू नये, सरावाचा भार निम्म्यावर आणावा, आणि योजना एका वाक्यात मावेल इतकी साधी ठेवावी: लढत कुठे न्यायची, आणि ती तिथे जात नसेल तर दुसरी जागा कोणती.

लढत संपल्यावर निकाल काहीही असो, डॉक्टरांची तपासणी टाळू नये. नॉकआउट झाल्यास संस्था अनेकदा ३० दिवस किंवा त्याहून अधिक काळ लढतीवर आणि स्पॅरिंगवर बंदी घालतात. अशी बंदी कोणी घातली नाही तरी ती स्वतःवर घालावी. तीन-चार दिवसांनी प्रशिक्षकासह चित्रफीत पाहावी आणि प्रत्येक राउंडमध्ये लढत कोणाच्या आवडीच्या अंतरावर किती वेळ चालली हे घड्याळ लावून मोजावे. सेंट-पिएर एप्रिल २००७ मध्ये मॅट सेराच्या ठोशांनी अनपेक्षितपणे हरला होता. वर्षभराने झालेल्या परतीच्या लढतीत त्याने ठोशांची देवाणघेवाण टाळून सेराला पुन्हा पुन्हा जमिनीवर नेले आणि दुसऱ्या राउंडमध्ये लढत संपवली. आपल्या मोजणीतही जे अंतर सर्वाधिक महागात पडले असेल, त्यातून बाहेर पडण्याचे ठरावीक स्थितीचे राउंड पुढच्या तीन महिन्यांच्या सरावात प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला, अंग ताजे असताना, ठेवावेत.